हा तास, मंग पाहू

सातव्या तासाला मी खुर्चीवर बसलो. लाल रंगाची प्लास्टिकची खुर्ची, ट्रॅकच्या कडेला कोणीतरी ठेवलेली. शर्यत होती बारा तासांची, स्टेडियममधली. अशा शर्यतीत कुठं पोचायचं नसतं. चारशे मीटरच्या गोल ट्रॅकवर बारा तासांत होतील तेवढ्या चकरा मारायच्या. माझ्या १३५ झाल्या होत्या, म्हणजे ५४ किलोमीटर. पाय ठीक होते. अर्ध्या तासापूर्वी मीठ लावून उकडलेले आलू खाल्ले होते, तेही पोटात शांत होते. आभाळ होतं, ऊन नव्हतं. आणि पाच तास उरलेले असताना मी बसलो आणि बुटांच्या लेस सोडल्या.

घरी आल्यावर भेटेल तो विचारायचा, काय झालं होतं? मी सांगायचो, पायात गोळा आला. गोळा सगळ्यांना समजतो. गोळा म्हटलं की माणूस मान हलवतो, तिळाचं तेल लावायला सांगतो आणि विषय संपतो. पण गोळाबिळा काही आला नव्हता. मी आपला बसलो होतो. का बसलो ते मलाच माहीत नव्हतं, आणि ते माहीत नसणं पुढं चार महिने माझ्यासोबत धावत राहिलं.

मी आर्वी तालुक्यातला. वर्धा नदीच्या पलीकडं रुक्मिणीचं कौंडण्यपूर, अलीकडं आमची गावं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, पाच एकर कोरडवाहू वावर आहे, आणि सदतिसाव्या वर्षी, रक्तात साखर थोडी वर दिसली म्हणून चालायला लागलो ते धावतच सुटलो. पुलगाव–आर्वी ही ३५ किलोमीटरची नॅरोगेज लाइन इंग्रजांच्या काळात कापूस वाहायला टाकलेली. गाडी केव्हाच बंद पडली. तिच्या आसपासच्या रस्त्यांवर आणि पांदणींवर माझं लांबचं धावणं चालतं. मे महिन्यात पहाटे साडेतीनला निघावं लागतं, कारण सातला पाठ भाजायला लागते. पावसाळ्यात पांदणीतली काळी माती बुटाला अशी धरते की एकेक पाय दीड किलोचा होतो. रोही, म्हणजे नीलगाय, आडवा जातो, रानडुकरं कधीमधी. कुत्री मात्र रोजची.

आमच्याकडं धावणारे कमी नाहीत, पण ती सगळी पोलीस भरतीची पोरं. मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. त्यांच्या धावण्याला नोकरी आहे, लग्न आहे, घरावर स्लॅब आहे. माझ्या धावण्याला काय आहे? पानठेल्यावरचे एक आजोबा मला दर आठ दिवसांनी विचारतात, "मास्तर, कायले पयता जी एवढं? मांगं कोनी लागलं हाय का?"

खुर्चीच्या त्या प्रकारानंतर आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. सगळं जागेवर. डॉक्टर हसून म्हणाले, मग डोक्यातच काहीतरी असेल. ते गमतीनं म्हणाले होते. मी मात्र दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ते वाक्य खिशात घातल्यासारखं घरी आणलं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं की ‘डोक्यातलं’ हा शब्द विदर्भातल्या खेड्यात किती जड आहे. आमच्याकडं माणसाच्या मनाचं नाव निघतं ते पंचनाम्यात. तोवर तो माणूस ‘जरा चूपचाप राहते’ एवढाच असतो. त्याच्या कर्जाबद्दल, बोंडअळीबद्दल, पोरीच्या लग्नाबद्दल सगळे बोलतात, आणि तो गेल्यावर ‘मानसिक ताण’ असे दोन शब्द कागदावर येतात. अशा ठिकाणी, हौसेनं धावणाऱ्या, पगारदार मास्तरानं ‘माझं मन मधेच बसतं हो’ म्हणून कोणाकडं जायचं म्हणजे मला लाज वाटत होती. खरी लाज. दोन घरं सोडून जे झालं होतं, त्यापुढं माझी प्लास्टिकची खुर्ची काय मोठी?

तरी गेलो. म्हणजे गेलो नाहीच. नागपूर आमच्यापासून शंभराहून जास्त किलोमीटर. भरतीच्या पोरांच्या एका प्रशिक्षकानं एका मॅडमचा नंबर दिला होता. खेळाडूंसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ, व्हिडिओ कॉलवर भेटायला तयार. एका तासाची फी सरकी ढेपेच्या एका पोत्याएवढी. घरच्यांना सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "एवढ्या पैशात मीच विचारलं असतं ना, काय होते म्हनून."

"मग विचारलं असतं."

"अन् तुमी सांगतलं असतं?"

नसतं सांगितलं. ते दोघांनाही ठाऊक होतं.

आता जागेचा प्रश्न. आमच्या घरात दाराला दार लावून बोलता येईल अशी खोलीच नाही. छपरीत माय बसलेली, मधल्या घरात टीव्ही, गच्चीवर रेंज येते पण गच्चीवरचं बोलणं शेजारच्या तीन घरांना ऐकू जातं. दिवस नोव्हेंबरचे होते, भाव वाढेल म्हणून सगळ्यांसारखा आमचाही कापूस घरात भरलेला. शेवटी त्या कापसाच्या खोलीत जाऊन बसलो. ढिगावर पाठ टेकवून, मोबाइल जुन्या डब्याला उभा करून. कापसाच्या खोलीत आवाज घुमत नाही, बाहेरही जात नाही. अंगाला खाज मात्र अशी सुटते की पहिल्या तासातलं अर्धं बोलणं मी मान खाजवतच केलं. मॅडमना वाटलं मी अस्वस्थ आहे. तोही होतोच.

माझी अपेक्षा होती की त्या काहीतरी देतील. मंत्रासारखं. सातव्या तासाला म्हणायचं एखादं वाक्य, श्वासाची एखादी युक्ती. त्यांनी पाऊण तास नुसतं विचारलं. झोप किती? जेवण किती, कधी? लांबच्या धावण्याच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त खाता की तेवढंच? दुखापती? कर्ज? घरात आजारपण? पगार वेळेवर होतो? मी मनात म्हणालो, ही तर जनगणना झाली. आणि मग त्याच सुरात, आवाज न बदलता, "जीव नकोसा वाटतो का कधी?"

मला राग आला. मी म्हणालो, "मॅडम, मी शर्यतीबद्दल बोलायला आलोय."

त्या म्हणाल्या, "हो सर. पण हे मी सगळ्यांना विचारते. खेळाडू झाला म्हणून माणूस सुटत नाही." मग समजावून सांगितलं की इथं बोललेलं इथंच राहील, फक्त जिवाला धोका दिसला तर नाही. आणि माझ्या कामाच्या पलीकडचं काही निघालं तर मी तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरांकडं पाठवीन. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावला. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं, २०२२ पासून सुरू आहे. मी लिहिला. पुढं तो नंबर मी स्वतः लावला नाही, पण गावातल्या दोघांना दिला, आणि त्याबद्दल यापुढं काही लिहिणार नाही.

स्वतःचं शिक्षण त्यांनी न विचारता सांगितलं, हे मला आवडलं. नंतर कळलं की ते विचारायलाच हवं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडं होते. ‘माइंड कोच’ अशी पाटी मात्र कोणीही लावू शकतो, आणि लावतात.

पहिल्या तासाच्या शेवटी हाती काय आलं? गृहपाठ. मास्तराला गृहपाठ. धावताना दर अर्ध्या तासानं दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या आणि आल्याबरोबर लिहायच्या. पहिली, किती जड जातंय याचा आकडा. त्यासाठी गुन्नार बोर्ग या स्वीडिश शास्त्रज्ञानं केलेली ६ ते २० ची पट्टी असते. ६ पासून का, तर त्याला दहानं गुणलं की नाडीचे ठोके अंदाजे यावेत, असा त्याचा हिशेब. १३ म्हणजे थोडं जड, १५ जड, १७ फार जड. मी वहीत स्वतःचं भाषांतर करून ठेवलं: ११ ला शेजारच्याशी राजकारण बोलता येतं, १३ ला बोलता येतं पण तो चूप बसला तर बरं, १५ ला हो-नाही, १७ ला फक्त मान. दुसरी गोष्ट, त्या क्षणी स्वतःला काय म्हणालात, ते शब्दाला शब्द.

दुसरीनं पंचाईत केली. मला वाटायचं मी धावताना काहीच बोलत नाही. विजेचे खांब मोजतो, भजन आठवतो, उद्याचं पाणी कोणाच्या पाळीचं ते आठवतो. तीन आठवडे लिहिल्यावर वहीत जे जमलं ते असं: "ऊठ." "ढोंग करू नको." "लाज नाही वाटत?" "एवढंही जमत नाही तुला." पानंच्या पानं तेच. बाराव्या किलोमीटरला कमी, तिसाव्याला जास्त. आकडा १३ असतानाही.

मॅडमनी वही कॅमेऱ्यासमोर धरायला लावली, वाचली, आणि विचारलं, "हे कोणाच्या आवाजात ऐकू येतं?"

मी म्हटलं, माझ्याच, अजून कोणाच्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्यांची ही एक सवय मला शेवटपर्यंत आवडली नाही. आपण उत्तर दिल्यावरही त्या वाट पाहतात. आठवडाभर मी मनात माणसं तपासली. बाबा? बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि बाबा असं बोलत नसत. आमचे शाळेतले कवायतीचे सर? ते मारायचे, बोलायचे नाहीत.

उत्तर मिळालं ते शाळेच्या मैदानात. चौथीचा वर्ग, खो-खो, आणि एक पोरगा पोट धरून कडेला बसलेला. मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "ऊठ. ढोंग करू नको."

शब्दाला शब्द. तोच ताल, ‘ऊठ’ नंतर तेवढाच थांबा. वीस वर्षं मी हे वाक्य रोज कोणाला ना कोणाला म्हणत आलो असणार, त्याशिवाय ते इतकं गुळगुळीत होत नाही. पोरगा उठला. चड्डीला लागलेली माती झटकून रांगेत जाऊन बसला. शिट्टी माझ्या हातात होती आणि मला ती बराच वेळ वाजवता आली नाही.

पुढच्या कॉलवर हे सांगितलं तेव्हा वाटलं होतं की त्या म्हणतील, स्वतःशी प्रेमानं बोला. मोबाइलवर फिरणाऱ्या सुविचारांसारखं. त्यांनी विचारलं, "मग तो पोरगा खेळला का?"

"उठला. पण खो मिळाल्यावर उठून दोन पावलं गेला आणि थांबला."

"हं," त्या म्हणाल्या.

दम या एका शब्दाचं आपल्या भाषेनं काय काय करून ठेवलंय! धावून दम लागतो. पोराला दम देतात, चोराला दम भरतात. घाईतल्या माणसाला दम निघत नाही. चढावर म्हणतात जरा दम खा, आणि अडचणीत म्हणतात दम धर. माय अजून मला प्रत्येक वेळी घराबाहेर पडताना सांगते, "दमानं जा." इतकी वर्षं मी धावण्याचा दम म्हणजे छातीतला दम समजत होतो, आणि बाकी वेळ स्वतःला दम देत होतो. धरण्याचा भाग राहूनच गेला होता.

मधे एक अभ्यास सांगतो, कारण त्यानं माझ्या संध्याकाळच्या धावण्याचं कोडं सोडवलं. शाळेच्या मागं पोर्टलवर माहिती भरायचं काम लागलेलं असतं. शिकवण्यानं थकवा येत नाही एवढा त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडं बघून येतो. तशा दिवशी संध्याकाळी दहा किलोमीटरही १७ च्या आकड्यावर जायचे. मी समजायचो की वय झालं. सॅम्युएले मार्कोरा हे इटालियन संशोधक तेव्हा वेल्समधल्या बँगोर विद्यापीठात होते. २००९ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १६ जणांना दोन वेगवेगळ्या दिवशी सायकलवर दमेपर्यंत बसवलं. एका दिवशी आधी ९० मिनिटं संगणकावर डोकं लावून बटणं दाबायचं कंटाळवाणं काम, दुसऱ्या दिवशी तेवढाच वेळ साधे माहितीपट. बटणं दाबलेल्या दिवशी लोक सरासरी ६४० सेकंदांत थांबले, माहितीपटाच्या दिवशी ७५४. हृदय, रक्तातलं लॅक्टेट यांतलं काहीच या फरकाचं कारण म्हणून दाखवता आलं नाही. फरक होता तो ‘जड जातंय’ या जाणिवेत. ती पहिल्यापासूनच वर होती. शरीरात शिल्लक असताना माणूस थांबतो, कारण आता सोसवत नाही असं त्याला वाटतं. मी खुर्चीवर बसलो त्याच्या आदल्या आठवड्यात काय करत होतो हे मला लगेच आठवलं. रोज रात्री अकरापर्यंत माहिती भरत होतो.

त्याच गटातल्या अँथनी ब्लांचफिल्ड यांचा २०१४ चा अभ्यासही मॅडमनी सांगितला. २४ जण. अर्ध्यांना दोन आठवडे स्वतःशी बोलण्याचं प्रशिक्षण, स्वतःला लागू पडतील अशी वाक्यं निवडून. ते आधीपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त वेळ टिकले. बाकीचे होते तिथंच राहिले. मी विचारलं, पण तेही सायकलवरचे दहा-बारा मिनिटांचे ना? माझे तर बारा तास. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, म्हणून तुमचं वाक्य तुम्हीच शोधा.

आधी जी वाक्यं आणली ती भिकार होती. ‘मी करू शकतो.’ ‘मी बलवान आहे.’ शाळेच्या भिंतीवर रंगवल्यासारखी. सोळाव्या किलोमीटरला ती म्हणताना मला हसू यायचं, आणि हसताना वेग तुटायचा. प्रमाण मराठीत मी स्वतःशी कधीच बोलत नाही, हेही तेव्हाच लक्षात आलं. प्रमाण मराठी ही माझी पगाराची भाषा. ‘ऊठ, ढोंग करू नको’ सुद्धा त्याच भाषेतलं. वर्गात ‘नको कर ढोंग बे’ म्हणालो असतो तर कदाचित पोरगंही हसलं असतं.

वाक्य सापडलं डवरणीच्या, म्हणजे पिकाच्या ओळींमधलं तण काढायच्या दिवसात. आमच्या वावरात अजून एक जोडी आहे, दुसऱ्याच्या डवऱ्यावर मी चालत नाही. तुरीच्या दोन ओळींमधून डवरा धरून जाताना बाबांची आठवण येतेच, कारण मुठीवरचा हात त्यांच्याकडूनच आलाय. बाबा बैलाला पराणी टोचत नसत. धुऱ्यापाशी, म्हणजे वावराच्या बांधापाशी, जोडी वळवली की ते थांबायचे. पासेत अडकलेलं गवत बोटानं काढायचे, दोन-चार श्वास घ्यायचे, पुढच्या ओळीकडं पाहायचे, किती वावर उरलं त्याकडं पाहायचेच नाहीत, आणि बैलांना म्हणायचे, "चाल बा. हा तास काढू, मंग पाहू."

तास म्हणजे औताची ती एक ओळ. घड्याळातलाही तासच. बारा तासांच्या शर्यतीला मी दोन वर्षं तयारी करत होतो आणि हा शब्द मला एकदाही दोन्ही बाजूंनी दिसला नव्हता. धुऱ्यावर उभा राहून मी ते मोठ्यानं म्हणून पाहिलं. डाव्या बैलानं कान हलवले.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या पहिल्यांदाच पटकन बोलल्या: "हेच ठेवा."

बाकीचं काम हळूहळू झालं आणि त्यात सांगण्यासारखं फार नाही. जर-तरचे बेत ठरवले. हे असं झालं तर हे करायचं, आधीच ठरलेलं. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं त्यावर बरंच काम केलंय म्हणे. कोरडवाहू कास्तकाराला यात नवीन काय? मृगात नाही आला तर आर्द्राची वाट, पेरणी फारच लांबली तर कपाशी कमी आणि तूर जास्त. आभाळाशी असं वागता येतं, तसं मी पोटाशी, पायाशी, कंटाळ्याशी कधी वागलो नव्हतो. बसावंसं वाटलं तर? ‘बसायचंच नाही’ असा बेत टिकत नाही. म्हणून ठरलं: खुर्चीला हात लावायचा, दहा श्वास उभ्यानं, एक चकर चालत, आणि मग ठरवायचं.

डोळे मिटून शर्यतीचं चित्र पाहणं मात्र मला जमलं नाही. बरेच प्रयत्न केले. डोळे मिटले की कापसाचा भाव दिसायचा. मॅडम म्हणाल्या, दिसत नसेल तर ऐका. बुटांचा आवाज जमतो. आता झोपण्यापूर्वी पाच मिनिटं मी ट्रॅकवरच्या पावलांचा आवाज ऐकतो, आणि बहुतेक वेळा चौथ्या मिनिटाला झोप लागते. हा व्यायाम यशस्वी म्हणायचा की नापास, ते त्यांनीही सांगितलं नाही.

खांब मोजण्यावरून आमचा थोडा वाद झाला. १९७७ साली मॉर्गन आणि पोलॉक या अमेरिकन संशोधकांनी मांडलं होतं की अव्वल मॅरेथॉन धावपटू धावताना शरीराकडं कान लावून असतात, श्वास, पाय, वेग. आणि साधे धावणारे मन दुसरीकडं पळवतात. मला वाटलं, झालं, माझी भजनं बंद. त्या म्हणाल्या, इतकं सरळ नाही ते, पुढं बरीच दुरुस्ती झालीय. लांबच्या पल्ल्यात दोन्ही लागतं. कधी कुठं पाहायचं ते आपण ठरवायचं, एवढंच. तेव्हा मला पवनार आठवलं. आमच्याच जिल्ह्यातलं, धाम नदीकाठचं. १९५१ मध्ये तिथून विनोबा पायी निघाले ते १९६४ साली परतले. वारीला जाणारी आमची माणसं महिनाभर चालतात, त्यांना कोणी विचारत नाही मन कसं आवरता म्हणून. पण त्यांच्यापुढं पंढरपूर असतं. विनोबांपुढं रोज नवं गाव, नवी जमीन मागायची होती. माझ्यापुढं तोच ट्रॅक, तीच खुर्ची. हा फरक मी मॅडमना सांगितला तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही कारण शोधताय का धावण्याचं?"

त्याचं उत्तर अजून दिलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी असते. बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळून पळसाच्या पानांनी शेकायचे, आणि आवतन द्यायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. त्या दिवशी मायनं उरलेलं लोणी आणून माझ्या गुडघ्यांवर थापलं. "तूबी वर्षभर ओढतच अस्तं," म्हणाली. मी तोंडानं नको नको म्हणत होतो.

वर्षानं पुन्हा गेलो. बारा तास, दुसरं शहर, दुसरं स्टेडियम. आदल्या आठवड्यात पोर्टलचं काम घेतलं नाही. मुख्याध्यापकांना सांगितलं, कारण विचारलं तर खरं सांगितलं, त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. सातवा तास आला. येणारच होता. आणि तो आवाजही आला, चौथीच्या वर्गातला, शिट्टी घेऊन. गेला नाही तो अजून. मी खुर्चीला हात लावला. यावेळी खुर्ची निळी होती. दहा श्वास. एक चकर चालत. सुरुवातीच्या रेघेपाशी आलो की धुरा आला असं धरायचं, उरलेलं वावर पाहायचं नाही. हा तास काढू, मंग पाहू. त्या एका घड्याळी तासात मी चार चकरा चाललो आणि बाकीच्या धावलो. दहाव्या तासाला उलटी झाली, पण तिच्यात मनाचा काही दोष नव्हता, लिंबू सरबत उतरलेलं होतं.

२०४ चकरा झाल्या. ८१ किलोमीटर ६०० मीटर. ठरवले होते ९०. मला ते आठ किलोमीटर अजून खुपतात, आणि मॅडमनी त्यावर पुढचा कॉल ठेवलाय.

गेल्या आठवड्यात पहाटे रस्त्यावर भरतीची पोरं होती. त्यातला एक माझ्याच हाताखालून गेलेला, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. सरावात सगळ्यांच्या पुढं असतो, आणि ग्राउंडच्या दिवशी दोनदा मागं पडला. पोट बिघडते म्हणे. थांबला, वाकून गुडघ्यांवर हात ठेवले, म्हणाला, "सर, तुमी त्या नागपूरच्या मॅडमशी बोलता ना? काय सांगतात त्या?"

गावाला ठाऊक आहे तर. कापसाच्या खोलीचा काही उपयोग झाला नव्हता.

मी म्हटलं, "सांगत काही नाहीत. विचारतात. तू धावताना सोताले काय म्हनतं?"

त्यानं विचार केला. "मोबाइलवर एक रील हाय सर, तिच्यातला माणूस हिंदीत वरडते. तेच म्हनतो. उठ, रुकना नहीं, असं."

"अन् मोबाइल नव्हता तवा?"

"तवा?" तो लेस बांधायला खाली बसला होता. वर न पाहताच म्हणाला, "तवा तर तुमीच यायचे ना सर डोक्यात."

आणि गाठ मारून उठला आणि पोरांच्या मागं धावत सुटला. मी घड्याळाचं बटण दाबायचं विसरलो. पहिले दोन किलोमीटर त्या दिवशी नोंदले गेले नाहीत.